ब्लॅक हिल्सचा तह

आज ऐकूया अमेरिकेतल्या एका मोडलेल्या तहाविषयी.

१८६८ साली फोर्ट लॅरमी इथं अमेरिकी सरकारनं लकोटा आणि इतर सू जमातींशी तह केला. लकोटांना पवित्र असलेला ब्लॅक हिल्सचा डोंगराळ प्रदेश त्यांच्या राखीव भूमीत राहील आणि तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांशिवाय तिथली जमीन कुणालाही देता येणार नाही, असं त्यात ठरलं होतं.

पण १८७४ मध्ये तिथं सोनं सापडलं. सोन्याच्या लोभानं लोक तिथं घुसले आणि लकोटांशी युद्ध पेटलं. सरकारनं शिधा बंद करण्याचा धाक घातला आणि जेमतेम दहा टक्के पुरुषांच्या सह्या मिळवून १८७७च्या कायद्यानं तो प्रदेश हिरावून घेतला.

शंभर वर्षं उलटल्यावर, १९८० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं भरपाई मान्य केली. व्याजासह ती दहा कोटी डॉलरांहून अधिक होती. सू जमातींनी ती नाकारली. ब्लॅक हिल्स विकायला काढलेले नाहीत, असं त्या आजही ठामपणे सांगतात. सरकारी खात्यातली ती रक्कम आता शंभर कोटी डॉलरांच्या पुढे गेली आहे.

अनेक लकोटा कुटुंबं आज गरिबीत जगतात, तरीही ते पैसे घेत नाहीत. त्यांना हवी आहे ती त्यांची भूमी. न्यायाची ही मागणी जगानं ऐकायलाच हवी.