पाणी ओसरल्यानंतरचे घर



वसंत ऋतू, अंगाची लाही करणारे वर्ध्याचे ऊन, आणि व्याख्यानाचा विषय मात्र भिंतीवरची बुरशी! पत्रिका वाचून काहींना हसू आले असेल. पण या विषयावर पावसाळ्यात बोलून फारसा उपयोग नसतो. कवेलू फेरावयाचे, गच्चीची भेग बुजवावयाची, भिंतीत गाडलेला गळका नळ बदलावयाचा, ही कामे मृग लागण्यापूर्वी उरकली तरच उरकतात. पुढे गवंडीही हाती लागत नाही आणि भिंतही वाळत नाही.

आपल्याकडे वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. वर्धा नदीने ३० जुलै १९९१ रोजी शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडचे काय केले, हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही. अलीकडे २०२२ च्या जुलैत हिंगणघाटला वणेचे पाणी वस्तीत शिरले. पुराची बातमी पाणी ओसरले की संपते. घरात मात्र त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट सुरू होते, आणि तिच्याकडे वर्तमानपत्राचे लक्ष जात नाही.

बुरशी बाहेरून येत नाही. तिचे बीजाणू हवेत, धुळीत, आपल्या कपड्यांवर सदैव असतातच. कागद, लाकूड, कापूस, भिंतीच्या रंगातली खळ हे तिचे अन्न. तेही घरात भरपूर असते. अडलेले असते ते फक्त पाण्यावाचून. ते मिळाले की पावसाळ्यातल्या उबेत २४ ते ४८ तासांत ती वाढू लागते. डोळ्यांना काळे-हिरवे ठिपके दिसतात ते त्यानंतर काही दिवसांनी. एरवी या कुळाशी आपले वैर नाही. १९२८ साली फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडले ते एका बुरशीतच, आणि १९५४ मध्ये पिंपरीला सरकारने कारखाना उभारला तो त्याच बुरशीच्या जोरावर. पण कारखान्यातली बुरशी वेगळी आणि उशाशी वाढणारी वेगळी.

तेव्हा खरा प्रश्न दोन दिवसांचा आहे. आणि हे दोन दिवस आपल्याकडे कशात जातात? पंचनाम्याची वाट पाहण्यात. तलाठी येईल, नुकसान डोळ्यांनी पाहील, मग मदत मिळेल, म्हणून भिजलेली गादी भिजलेल्या खाटेवर तशीच राहते, कपाट भिंतीला टेकलेले राहते, धान्याचे पोते हलत नाही. गरीब माणसाला यात दोष देता येत नाही. ज्याचे सारे गेले त्याला सरकारी मदतीचे चार पैसेही मोलाचे असतात, आणि घर आवरून टाकले तर ‘तुमचे काय बिघडले?’ असे विचारतील ही त्याची भीती अगदीच खोटी नाही. पण तलाठ्याकडे एकाच वेळी अनेक गावे असतात. तो चौथ्या दिवशी आला तर तोवर जे वाचले असते तेही गेलेले असते.

यावर वाट आहे. आज बहुतेक घरांत कॅमेऱ्याचा फोन आहे. पाणी कोठवर चढले त्याची भिंतीवरची रेघ, प्रत्येक खोली, प्रत्येक भिजलेली वस्तू यांचे फोटो काढा. यादी करून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. फेकावयाची वस्तू असेल तर तिचा एखादा तुकडा जपून ठेवा. आणि मग घर मोकळे करा. माझे तर म्हणणे असे की पुराचा इशारा देतानाच ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने लोकांना स्पष्ट सांगावे: फोटो काढून घर उपसा, पंचनाम्यासाठी ओल सांभाळत बसू नका. मदत थोडी उशिरा मिळाली तर सोसता येईल. त्या खोलीत दम्याचे पोर निजणार असेल तर ते सोसता येत नाही.

हे मी अतिशयोक्तीने बोलत नाही. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा श्वसनाच्या विकाराने गेला. भाड्याच्या त्या घरात बुरशी असल्याची तक्रार बापाने २०१७ पासून केली होती, आणि त्याला उत्तर मिळाले होते की वरून रंग द्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायचौकशीने मृत्यूचे कारण दीर्घकाळ बुरशीत राहणे हेच ठरविले, आणि पुढच्या वर्षी तेथे त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद कायद्यात आली. प्रत्येक ठिपका जीवघेणा असतो असा याचा अर्थ नव्हे. निरोगी माणसाला शिंका, खोकला, डोळ्यांची चुरचुर यापलीकडे बहुधा काही होत नाही. पण तान्ही मुले, म्हातारी माणसे, दमेकरी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे ते, यांना त्या खोलीतून आधी हलवावे.

‘वरून रंग द्या’ हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे ना? दिवाळी तोंडावर आली की डागांवर रंगाचा हात फिरतो. पूर्वी हाच हात चुन्याचा असे, आणि त्यात शहाणपण होते. पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा चुना लागायचा. चुना क्षारयुक्त, त्यावर बुरशी सहसा धरत नाही, आणि त्यातून भिंतीची वाफ बाहेर पडू शकते. आजचा प्लास्टिकसारखा रंग भिंतीचे तोंड बांधतो. आत ओल कोंडते, रंगाला फोड येतात, आणि पुढच्या भाद्रपदात डाग पुन्हा हजर. सेवाग्रामची बापूकुटी १९३६ पासूनची. माती, बांबू आणि कवेलूची. मातीची भिंत भिजते आणि सुकतेही. तिच्यावर पक्केपणाच्या हौसेने सिमेंटचा गिलावा चढविला की ती भिजते, पण सुकत नाही. त्यात आपली काळी माती पाणी धरून ठेवणारी. जोत्यात डीपीसीचा थर नसेल तर पूर न येताही ओल हातभर वर चढते.

आता ओळखावयाचे कसे? पहिले साधन नाक. बंद कपाट उघडताच कुबट वास आला तर डाग दिसो वा न दिसो, मागे पाहा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, फळ्यांची पाठ, देवघराची मागची बाजू, माळ्याचा कोपरा, कूलर बसविलेल्या खिडकीची चौकट पाहा. भिंतीवर पांढरे काही दिसले की लोक त्याला बुरशी म्हणतात. पुष्कळदा तो लोणा असतो. बोटाला पाणी लावून चोळा: लोणा विरघळतो, बुरशी फासली जाते. काळा डाग मळाचा की बुरशीचा हे पाहावयाचे तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा एक थेंब लावा. मिनिटा-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बहुधा बुरशी. आणि ओल भिंतीतून येते की खोलीतल्या हवेची भिंतीवर जमते? पॉलिथिनचा हातभर तुकडा चारी कडांनी भिंतीला पक्का चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. पाणी भिंतीकडच्या बाजूला असेल तर दोष भिंतीत. खोलीकडच्या बाजूला असेल तर खोलीला वारा कमी. याला एक पैसा लागत नाही, आणि गवंडी बोलावण्याआधी हे करणे बरे.

साफसफाईत घाई नडते. घरात शिरण्यापूर्वी विजेचा मुख्य बटण बंद करावा. कोरडा झाडू किंवा ब्रश मारू नये. त्याने बीजाणू घरभर उडतात. नाकातोंडाला मास्क, हातांत रबरी मोजे, आणि साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसणे. फरशी, काच, लोखंड यांना इतके पुरते. ब्लीचिंगचे पाणी सच्छिद्र लाकडात खोल जात नाही, शिवाय मेलेली बुरशीही शिंका आणतेच. म्हणून मारण्यापेक्षा काढणे महत्त्वाचे. ब्लीचिंग पावडर आणि न्हाणीघर धुण्याचे ॲसिड मात्र चुकूनही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

कापसाच्या गादीविषयी गृहिणी विचारतात. छताच्या गळतीने भिजली असेल तर त्याच दिवशी उसवून कापूस कडक उन्हात वाळवावा. नालीच्या पाण्यात बुडालेली, किंवा वास धरलेली गादी पिंजून घेण्याचा मोह टाळावा. पिंजाऱ्याच्या छातीत ती सारी धूळ जाते. फुगलेल्या प्लायवूडचेही तेच. गोधड्या आणि कपडे मात्र गरम पाण्यात धुवून उन्हात घालता येतात. सातबारा, गुणपत्रिका भिजल्या तर चिकटलेली पाने ओढू नयेत. पॉलिथिनमध्ये गुंडाळून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. बुरशी तेथे थांबते आणि मग सवडीने एकेक पान सोडवता येते.

पावसाळी हवेत नुसता पंखा लावून भिंत सुकत नाही, तो ओली हवाच फिरवतो. उघडीप पडली की समोरासमोरची दारे-खिडक्या उघडाव्यात, झड लागली की मिटाव्यात. थंड देशांतले बांधकामवाले भिजलेल्या भिंतीला जाडीच्या दर इंचास महिना धरतात. आपल्याकडे आश्विनातले ऊन मदतीला येते; तरी पॉलिथिनचा तुकडा कोरडा निघेपर्यंत रंगाचा डबा उघडू नये.

राहिला धान्याचा विषय. भिजलेले शेंगदाणे, मका, ज्वारी घरातच ढिगाने पडून राहते, आणि वरची बुरशी पाखडून, धुवून ते वापरले जाते. १९७४ साली राजस्थानात बांसवाड्याला आणि गुजरातेत पंचमहालात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने मेली. ते विष, अफ्लाटॉक्सिन, धुण्याने जात नाही आणि शिजवूनही पुरते नष्ट होत नाही. माणसाला नको म्हणून ते म्हशीपुढेही टाकू नये, कारण त्याचा अंश दुधात उतरतो. असे धान्य गावाबाहेर पुरावे. फोटो अर्थातच आधी काढून ठेवावा.