परका ठेका, घरचा सूर
(आकाशवाणीवर झालेले भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळास आठी पडण्याचा संभव आहे. ‘रॉक अँड रोल’ हे नाव उच्चारले की सभ्य घरांतील वडील मंडळींच्या डोळ्यांपुढे गिटार, कर्कश भोंगे आणि अंग घुसळून नाचणारी पोरे उभी राहतात. आकाशवाणीवर बोलण्याची संधी मिळालेल्या एका निवृत्त शाळामास्तराने ज्ञानेश्वरीवर बोलावे, मोरोपंतांवर बोलावे; त्याने या धांगडधिंग्याच्या वाटेस का जावे, असे कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर एवढेच, की हा परका ठेका आपल्या देशातील घराघरांत ज्यांनी नेला, त्यांत अग्रभागी असलेले एक गृहस्थ मराठी होते, आणि त्यांच्या पाठीशी उभी असलेली वादक मंडळी आपल्या शेजारच्या गोव्याची होती. घरचेच माणूस असल्यावर त्याची विचारपूस करणे हे आपले कर्तव्य नव्हे काय?

या गृहस्थांचे नाव रामचंद्र नरहर चितळकर. जग त्यांना सी. रामचंद्र म्हणून ओळखते. संगीत देताना ते सी. रामचंद्र असत, गाताना चितळकर होत. काही चित्रपटांवर राम चितळकर, काहींवर अण्णासाहेब अशीही नावे त्यांनी लावली. एकाच देहात इतकी माणसे नांदत असली म्हणजे त्यांतले खरे कोणते, असा प्रश्न पडतो. मला वाटते, ती सर्वच खरी होती.

त्यांचा जन्म 12 जानेवारी 1918 रोजी अहमदनगर जिल्ह्यात गोदाकाठी असलेल्या पुणतांबे या गावी झाला. प्रारंभीचे काही शिक्षण नागपुरास झाले आणि पुढे पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात पंडित विनायकबुवा पटवर्धन यांच्यापाशी त्यांनी गायनाचे धडे घेतले. विनायकबुवा हे पंडित विष्णु दिगंबरांचे शिष्य. शिस्त कडक, स्वर चोख, आणि तराणा गाण्यात तर त्यांचा हातखंडा. ही गोष्ट श्रोत्यांनी कृपा करून ध्यानात ठेवावी. तिचा उपयोग आपणांस पुढे होणार आहे.

तरुण रामचंद्रास मात्र गवई होण्यापेक्षा नट होण्याची हौस अधिक. 1935 सालच्या ‘नागानंद’ या बोलपटात त्यांना नायकाची भूमिका मिळाली. परंतु चित्रपट चालला नाही आणि नायकाचे पद गेले ते गेलेच. मग सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा कंपनीत किरकोळ कामे करावी आणि संगीतकारांच्या बैठकीत पेटीची साथ करावी, अशा रीतीने दिवस निघाले. पुष्कळांच्या आयुष्यात अपयश हेच खरे गुरुकुल ठरते, तसे येथे झाले. पेटीवर बसलेल्या माणसाला इतरांची गाणी कशी घडतात, कोठे जमतात आणि कोठे फसतात, हे जवळून पाहावयास मिळते.

याच काळात त्यांची गाठ भगवान आभाजी पालव या तरुणाशी पडली. पालव हे आडनाव आपल्या कोकणात अपरिचित नाही. गिरणीकामगाराचा हा मुलगा पुढे मास्टर भगवान म्हणून गाजला. भगवान यांनी दिग्दर्शित केलेल्या तमिळ चित्रपटांना रामचंद्रांनी प्रथम संगीत दिले आणि 1942 सालच्या ‘सुखी जीवन’ पासून ते हिंदीत आले. मग 1947 साली ‘शहनाई’ आला. त्यातील रविवारच्या भेटीचे आमंत्रण देणारे चितळकरांचे खट्याळ गाणे देशभर पसरले. 1949 साली ‘पतंगा’मध्ये रंगूनहून टेलिफोन करणाऱ्या नवऱ्याचे गाणे शमशाद बेगम यांच्याबरोबर त्यांनीच गाइले. लोक ही गाणी गुणगुणत आणि वडील मंडळी कानांवर हात ठेवीत, असा तो काळ होता.

1951 साली भगवान यांचा ‘अलबेला’ आला आणि या जोडीने कळस गाठला. या एका चित्रपटात रामचंद्रांच्या प्रतिभेची दोन्ही टोके एकत्र सापडतात. ‘शोला जो भडके’ हे गाणे पाश्चात्य नृत्यगीताच्या ठेक्यावर उसळत जाते. आणि त्याच चित्रपटातील लतादीदी व चितळकर यांनी गाइलेली अंगाई पिलू रागाच्या मऊ सुरांत झोपेला हाक मारते. एकाच हाताने दोन्ही गाणी लिहिली गेली, यावर नवख्या माणसाचा विश्वास बसणार नाही. त्यांच्या आवाजाचेही तसेच. नाचऱ्या गाण्यात तो थट्टेखोर आणि मोकळा होई. 1955 सालच्या ‘आझाद’ मधील लतादीदींबरोबरच्या प्रेमगीतात मात्र तोच आवाज इतका हळुवार झाला आहे, की ऐकणारे आजही तो तलत महमूद यांचा समजून चालतात.

आता त्या ठेक्याकडे वळू. अमेरिकेत निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या कृष्णवर्णीय लोकांच्या संगीतातून आणि गोऱ्या खेडुतांच्या गाण्यांतून या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या मध्याला ‘रॉक अँड रोल’ जन्मास आले. 1955 साली बिल हेली यांची ध्वनिमुद्रिका गाजली आणि 1956 साली एल्विस प्रेस्ली या एकवीस वर्षांच्या तरुणाने जग वेडे केले. या ठेक्याची खूण सोपी आहे. श्रोत्यांनी बसल्या जागी एक-दोन-तीन-चार असे सावकाश मोजावे. आपल्या केरव्यात सम पहिल्या मात्रेवर, म्हणून जोरही तेथेच. तिकडे मात्र टाळी पडते दोनवर आणि चारवर. जोर आपल्या जागेवरून सरकला, एवढाच काय तो फरक. परंतु त्या सरकण्यानेच पाय आपोआप हलू लागतात.

1957 साली ‘आशा’ या चित्रपटासाठी रामचंद्रांनी ‘ईना मीना डीका’ रचले. शब्द राजेंद्र कृष्ण यांचे. एकदा किशोरकुमार यांनी आणि एकदा आशाताईंनी ते गाइले. हिंदी चित्रपटातील आरंभीच्या रॉक अँड रोल गीतांत याचे स्थान पहिल्या ओळीतले आहे. या गाण्याची जन्मकथा अशी सांगतात : संगीताच्या खोलीबाहेर मुले खेळत होती आणि ‘ईनी मीनी मायनी मो’ असे, आपल्याकडे राज्य कोणावर ते ठरविण्यासाठी मोजतात, तसे मोजीत होती. ते शब्द कानी पडताच रामचंद्र आणि त्यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी ती मोजणी वाढवीत नेली. गोम्स यांनी तीत आपल्या मातृभाषेचे दोन शब्द घातले. ‘मला नको’ असे म्हणावयाचे झाल्यास गोव्यात जे दोन शब्द तोंडी येतात, तेच ते. सावंतवाडी-मालवणच्या माणसाला ते ऐकताच हसू फुटते. 1981 पूर्वी तो मुलूख आणि आपला मुलूख एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होता. तेव्हा सर्व देशाने ज्यांना निरर्थक समजून डोक्यावर घेतले, त्या शब्दांचा अर्थ आपल्या दारच्या माणसाला ठाऊक होता, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

पण निरर्थक शब्दांचे तरी एवढे वावडे आम्हांस का असावे? ‘अडगुलं मडगुलं’ चा अर्थ कोणत्या आईने बाळाला समजावून सांगितला आहे? आणि तराण्यात काय असते? तोम्, दिर, तननन! अर्थाचे ओझे उतरवून शब्द केवळ नादासाठी आणि लयीसाठी वापरावयाचे, हा तर आपल्या अभिजात गायनाचा मान्य प्रकार. विनायकबुवांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला मुलांच्या मोजणीत गाणे दिसावे, यात मला तरी नवल वाटत नाही. त्यांनी तसे कोठे म्हटल्याचे मी सांगत नाही; परंतु कान एकदा तयार झाला म्हणजे तो आपले शिक्षण विसरत नाही, हा अनुभव मला छत्तीस वर्षे मुलांना कविता चालीवर म्हणावयास शिकविताना आला आहे.

येथे आक्षेपकांची बाजूही मांडली पाहिजे. रामचंद्रांनी काही चाली परदेशी गाण्यांवरून सरळ उचलल्या. 1950 सालच्या ‘समाधी’ मधील अत्यंत लोकप्रिय नृत्यगीत एका गाजलेल्या लॅटिन अमेरिकी धाटणीच्या गीतावरून घेतलेले आहे, आणि दोन्ही ऐकणाऱ्यास ते लपत नाही. अशा उसनवारीचे समर्थन मी करणार नाही. परंतु उसने घेणे आणि पचविणे यांत भेद आहे. खुद्द प्रेस्ली यांचे 1956 सालचे गाजलेले मृदू प्रेमगीत अमेरिकेत 1861 साली छापलेल्या एका जुन्या गीताच्या चालीवर बांधलेले आहे. संगीताची गंगोत्री कोणाच्याच परसात नसते. प्रश्न एवढाच, की बाहेरचे पाणी आपल्या विहिरीत उतरले की विहीरच वाहून गेली? ज्या रामचंद्रांनी 1953 साली ‘अनारकली’त भीमपलासीचे ते अविस्मरणीय प्रेमगीत दिले, त्यांची विहीर वाहून गेली नव्हती हे स्पष्ट आहे.

आणि आकाशवाणीवरून बोलताना आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 1952 साली नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हेही मराठीच. लोकांची अभिरुची सुधारावी या सद्धेतूने त्यांनी चित्रपटगीतांवर असे निर्बंध आणले, की ती नभोवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी यंत्राचा काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. शेवटी 1957 च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू करून ती गाणी परत घरी आणावी लागली. ‘ईना मीना डीका’ चेही साल तेच. केसकरांचा शास्त्रीय संगीतावरचा लोभ खरा होता आणि त्या संगीताला त्यांच्या काळात मिळालेला आश्रयही खरा. परंतु अभिरुची ही दार लावून वाढत नाही, हा धडा त्यातून आम्हां शिक्षकांनी तरी घ्यावा. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी कोणती गाणी म्हणावीत यावर दरवर्षी वाद होई. मी मुलांना सांगत असे : हवे ते म्हणा, पण आधी सुरात म्हणा. सूर सापडल्यावर पुष्कळ पोरे आपण होऊन चांगल्या गाण्याकडे वळत.

आता ज्यांचे नाव घेतल्याशिवाय हे भाषण संपविणे अन्यायाचे होईल, त्या मंडळींकडे येतो. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि लिखित स्वरलिपी शिकवीत. पोटासाठी मुंबईस आलेली ही मुले हॉटेलांतील वाद्यवृंदांत वाजवू लागली आणि तेथून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रण-शाळांत गेली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांचा ट्रंपेट असा, की लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातील ते मोठे आधार. ‘अलबेला’च्या एका नृत्यगीतात ते आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. चाल संगीतकाराने सुचवावी आणि पन्नास वाद्यांनी केव्हा, काय वाजवावे हे अशा मंडळींनी कागदावर मांडावे, असा व्यवहार होता. ध्वनिमुद्रिकेवर मात्र नाव एकाचेच येई. चिक चॉकलेट 1967 साली वारले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते त्यांच्या वादनामुळे नव्हे, तर त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 1977 साली एका विनोदी गाण्यात त्या नावाला अमर केले म्हणून. शेकडो इतरांना तेवढीही गुरुदक्षिणा मिळाली नाही.

27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर, चीनच्या युद्धाची जखम ओली असताना, पंडित नेहरूंच्या समक्ष लतादीदींनी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ गाइले. शब्द कवी प्रदीप यांचे आणि चाल याच सी. रामचंद्रांची. ज्यांच्या गाण्यांनी पोरे बिघडतात असे म्हटले जाई, त्यांच्याच सुरांनी राष्ट्र हुतात्म्यांसाठी रडले. पुढे चित्रपटांतील त्यांची मागणी ओसरली. मराठीत त्यांनी गदिमांच्या ‘गीतगोपाल’ ला स्वर दिले, 1970 सालच्या ‘घरकुल’ ची गाणी केली, ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिले. शंभराहून अधिक चित्रपटांचे संगीत मागे ठेवून 5 जानेवारी 1982 रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला.

श्रोतेहो, आज आपल्या घरांतील मुले कोरियातील आणि अमेरिकेतील गाणी ऐकतात आणि आपण चिंतातुर होतो. त्या चिंतेवर रामचंद्रांच्या चरित्रात दोन उपाय मला दिसतात. परक्या पाहुण्याला घाबरण्याचे कारण नाही, मात्र घरात आपला पाया पक्का हवा. विनायकबुवांची तालीम होती म्हणून प्रेस्लीच्या देशातला ठेका रामचंद्रांना पेलला. आणि दुसरे, जे घेतले ते कोणाकडून घेतले, कोणी वाजविले, कोणी लिहून काढले, त्यांची नावे मुलांना सांगितली पाहिजेत. पुढल्या खेपेस ‘ईना मीना डीका’ लागले, तर लगेच यंत्र बंद करू नका. त्यातले आपल्या किनाऱ्यावरचे ते दोन शब्द मुलांना शोधावयास सांगा, आणि जॉन गोम्स हे नाव एकदा मोठ्याने उच्चारा.