अपंगांचें अनुदान व वकिलाचें साहाय्य
(महोत्सवानिमित्त केलेलें भाषण)



आजच्या मंगल दिवशीं आम्ही एका सरकारी पत्राविषयीं बोलणार आहों, याचें आपणांस नवल वाटेल.

आपल्यांतील एक अंध गृहस्थ संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे लाभार्थी. २०२३ सालीं हें अनुदान मासिक १,५०० रुपये झालें, तेव्हां त्यांची किराण्याची उधारी सुटली. पुढें पत्र आलें: आपण अपात्र होतां, घेतलेली रक्कम परत करावी. नातीनें तें वाचून दाखविलें. आमच्याकडे आले ते दोन शेळ्या विकण्याचें ठरवूनच. आणि आम्हीं, सांगावयास लाज वाटते, "हप्त्यानें फेडा, बाबा," एवढेंच म्हटलें. देणें खरोखर आहे कीं नाहीं, हें विचारलेंच नाहीं! सरकारी शिक्का दिसला कीं आपली मान लवते, आणि त्यास आपण विनय समजतों.

एका वकील स्नेह्यानें आमचे डोळे उघडले. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमान्वयें अपंगास (आतां दिव्यांग म्हणतात), त्याचें उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयांत विधि सेवा समिति असते. जालन्यास जिल्हा प्राधिकरण आहे. अर्जासोबत अपंगत्वाचा दाखला जोडावा. लिहितां येत नसेल तर तोंडीं सांगावें, तेथें लिहून घेतात. प्रवास होत नसेल तर १५१०० या क्रमांकावर दूरध्वनि करावा.

आमच्या गृहस्थांच्या वकिलानें उत्तरांत तीन गोष्टी मागितल्या: अपात्रतेचें कारण, रकमेचा हिशेब, आणि वसुलीपूर्वीं सुनावणी. सर्वोच्च न्यायालयानें १८ डिसेंबर २०१४ रोजीं रफीक मसीह खटल्यांत, चुकीनें जास्त दिलेला पगार कनिष्ठ नोकरांकडून वसूल करूं नये, असें ठरविलें. तो निर्णय नोकरांविषयीं आहे, अनुदानास आपोआप लागू होत नाहीं. परंतु त्यांतील न्यायबुद्धि वकिलास मांडतां येते.

ज्यानें उत्पन्न लपवून पैसे घेतले, त्याचा कैवार आम्ही घेत नाहीं. तथापि त्यानेंही वकिलाकडे जावें. हिशेब बरोबर असावा व हप्ते झेपतील असे मिळावे, हें त्याच्याही हिताचें आहे.

असें पत्र आल्यास कोऱ्या कागदावर सही अथवा अंगठा देऊं नका. पाकीट जपून ठेवा, कारण पत्र केव्हां मिळालें हें पुढें विचारतात. रविवारच्या मिस्सानंतर तें आमच्याकडे आणा. आम्ही मोठ्यानें वाचून दाखवूं, आणि या खेपेस फेडण्याचा सल्ला आधीं देणार नाहीं. त्या गृहस्थांची सुनावणी अजून चालू आहे. शेळ्या मात्र घरींच आहेत.