‘तिलावा’ आगबोटीची जलसमाधी



दुसऱ्या महायुद्धात आपला पश्चिम किनारा रणभूमीपासून दूर राहिला, असा एक समज आहे. मुंबई बंदरातून निघालेल्या ‘तिलावा’ या आगबोटीची हकीगत ऐकली म्हणजे तो फारसा टिकत नाही.

‘तिलावा’ ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, १९२४ साली बांधलेली, सुमारे दहा हजार टनी बोट. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबईहून मोंबासा व डर्बनकडे निघाली. सोबत आरमाराचे संरक्षण नव्हते. बोटीवर ७३२ उतारू, २२२ कर्मचारी व ४ तोफची मिळून ९५८ माणसे होती. उतारूंपैकी बहुतेक भारतीय. आफ्रिकेत व्यापार व नोकरी करणारी, मुलाबाळांसह निघालेली कुटुंबे त्यांत होती. मालात दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी घेतलेली सुमारे ६० टन चांदी होती.

२३ नोव्हेंबरच्या पहाटे, सेशेल्स बेटांच्या ईशान्येस नऊशेहून अधिक मैलांवर, ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीने बोटीवर पाणतीर सोडला. अंधारात एकच कल्लोळ उडाला. जीवरक्षक नौकांसाठी झुंबड झाली, अनेकांनी पाण्यात उड्या घेतल्या. बोट मात्र लगेच बुडाली नाही. ती तगेल अशी आशा वाटू लागली असतानाच दुसरा पाणतीर येऊन आदळला आणि ‘तिलावा’ समुद्रात गडप झाली. बिनतारी यंत्रावरील अधिकारी मदतीचे संदेश पाठवीत जागेवरच राहिला व त्यातच त्याचा अंत झाला. वाचलेली माणसे दोन दिवस उघड्या समुद्रावर होती. २५ तारखेला ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश युद्धनौका तेथे पोहोचली व तिने २७ तारखेस त्यांना मुंबईस आणले. ६७८ जण वाचले; २८० मृत्युमुखी पडले.

याच ‘आय-२९’ने एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळ नेताजी सुभाषचंद्र बोस यांना जर्मन पाणबुडीवरून आपल्याकडे घेतले व सुमात्रापर्यंत पोहोचविले. हा दुसरा प्रसंग आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. पहिला मात्र शिक्षकांनाही क्वचितच. जुलै १९४४ मध्ये एका अमेरिकन पाणबुडीने ‘आय-२९’ बुडविली.

चांदीचा विसर मात्र कोणास पडला नाही. सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून एका खाजगी कंपनीने २०१७ साली तिच्या २,३६४ लाद्या वर काढल्या. मालकीचा तंटा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ साली निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. लाद्यांची अशी नेमकी मोजदाद झाली. बुडालेल्यांच्या वारसांना मात्र एकमेकांचा शोध स्वतःच घ्यावा लागला. त्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे ८० वर्षांनी, मुंबईत स्मरणसभा भरविली.

आता आपल्या किनाऱ्याविषयी. त्या काळी अशा बोटींवर डेकवरील कामाला बव्हंशी कोकण व गुजरातचे खलाशी, आणि भोजनगृहात गोव्याचे लोक असत. सारंग आपल्याच गावाकडची, नात्यागोत्यातली माणसे भरती करी. त्यामुळे एक बोट बुडाली की एकाच वाडीतली अनेक घरे उघडी पडण्याचा संभव असे. मुंबईत मशीद बंदर येथील खलाशीगृहात महायुद्धांत कामी आलेल्या भारतीय नाविकांचे स्मारक आहे. पण तेथील नावावरून त्या माणसाचे घर, त्याच्यामागे राहिलेली बायको-मुले कळत नाहीत. ते गावातच कळेल.

म्हणून रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांना माझी एक विनंती आहे. जुन्या पेट्यांतून खलाशाची नोकरीची पुस्तिका, कंपनीचे पत्र, मनीऑर्डरीची पावती अजून निघते. वरच्या वर्गातील मुलांकडून अशा कागदांच्या नकला करून घ्याव्यात, घरातील वृद्धांना बोटीचे नाव व साल विचारावे आणि ती वही शाळेच्या दप्तरी ठेवावी. यास वेगळा निधी लागत नाही, की वरिष्ठांची मंजुरीही.