पाण्याचं बिल जास्त आलं, तर?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शिरवळ हे नीरेकाठचं गाव. वरच्या अंगाला भाटघर आणि नीरा देवघर, खालच्या अंगाला वीर धरण. वाटसरूंची तहान भागवणारी जुनी दगडी पाणपोई आजही गावात आहे. पाणी पाजणं हे पुण्य, असं मानणारे आपण लोक. त्यामुळे पाण्याचे पैसे मोजावे लागतात, ही गोष्ट अंगवळणी पडायला आपल्याला वेळ लागला. आता ती पडली, तर एखाद्या वेळी बिलाचा आकडाच असा येतो की बघून घाम फुटावा. नेहमी अडीचशेच्या आत असणारं बिल एकदम दोन हजार! घरात माणसं तीच, भांडी तीच. मग एवढं पाणी गेलं कुठं?

अशा वेळी बहुतेकजण दोनपैकी एक गोष्ट करतात. तावातावानं कार्यालयात जाऊन भांडतात, नाही तर बिल फळीवर टाकून देतात. भांडणानं आकडा बदलत नाही. फळीवरच्या बिलाची थकबाकी होते आणि एक दिवस नळ तोडायची नोटीस येते. नळ तुटला की हंडा कुणाच्या डोक्यावर येतो, हे सांगायला नको. म्हणून आकड्याला आकड्यानंच उत्तर द्यावं.

आधी बिल नीट वाचा. ग्रामपंचायतीच्या गावात पुष्कळदा पाणीपट्टी वर्षाची ठोक असते आणि घरपट्टीबरोबरच मागितली जाते. तिथं मीटरचा प्रश्नच नाही. मागची थकबाकी बिलात मिळवली आहे का, तेवढं पाहायचं. तुमच्या जुन्या पावत्या काढा आणि ग्रामपंचायतीतल्या मागणी नोंदवहीशी, म्हणजे नमुना ९ शी, ताडून बघा. भरलेली रक्कम जमा धरायची राहून गेली असेल, तर ती तिथंच सापडते. घर विकत घेतलेलं असेल, तर आधीच्या मालकाची बाकी तुमच्या नावावर चढली आहे का, तेही बघा.

मीटर असेल, तर बिलात मागचं आणि आताचं वाचन दिलेलं असतं. मीटरवरचा आकडा स्वतः जाऊन वाचा. काळे आकडे बहुधा घनमीटरचे, म्हणजे युनिटचे, आणि तांबडे लिटरचे. एक युनिट म्हणजे १,००० लिटर. मीटरवरचा आकडा बिलातल्या आकड्यापेक्षा कमी निघाला, तर चूक कागदावरची आहे. आणखी एक पाहा. तीन-चार महिने मीटर न वाचता सरासरीनं बिल दिलं आणि मग सगळे युनिट एकाच महिन्यात दाखवले, तर चढत्या दरामुळे तुम्ही वरच्या टप्प्यात जाता. ते युनिट त्या त्या महिन्यांत वाटून द्या, असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. एका मीटरवर चार बिऱ्हाडं असतील, तरीही हाच घोटाळा होतो. कारखान्यांमुळे भाड्याच्या खोल्या वाढलेल्या शिरवळसारख्या गावात घरमालकांनी याकडे लक्ष द्यायला हवं.

आता हिशोब करू. ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे, शहरांसाठी १३५ लिटरचं मान आहे. पाच माणसांचं घर धरलं, तर पहिल्या मानानं महिन्याला सव्वाआठ युनिट होतात आणि दुसऱ्या मानानं वीस. तुमच्या बिलात साठ युनिट असतील, तर रोज दोन हजार लिटर झाले. एवढं पाणी घरात मुरत असेल, तर ते कुठं तरी दिसायला हवं. दहा मिनिटांत लिटरभर पाणी गाळणारा नळ महिन्याला चार युनिटांहून जास्त घालवतो. संडासाची टाकी तर आवाज न करता गळत राहते. म्हणून पाणी सुटलेलं असताना घरातले सगळे नळ आणि टाकीकडे जाणारा कॉक बंद करा आणि मीटरकडे बघा. तरीही तो फिरत असेल, तर मीटरपुढची नळी कुठं तरी जमिनीत गळते आहे.

गळती नाही, तर मीटर तपासा. मापाच्या वीस लिटरच्या बादलीनं दहा बादल्या भरा. मीटर दोनशेच्या आसपास पुढे सरकायला हवा. तो अडीचशे दाखवत असेल, तर मीटर तपासून द्या, असा लेखी अर्ज करा. दिवसाआड किंवा तासभरच पाणी येतं तिथं आणखी एक भानगड असते. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो, ती नळीतली हवा. ती हवाही मीटर फिरवते. नळाला पाणी लागेपर्यंत कॉक बंद ठेवणं आपल्या हातात आहे. मुख्य वाहिनीवर हवेचे व्हॉल्व्ह बसवणं हे पाणीपुरवठा करणाऱ्याचं काम. आपल्याच जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापुरानं घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाण्याची योजना राबवली. नळी कायम भरलेली असली की हवेचा प्रश्न उरत नाही आणि मीटरवरचा भरवसाही वाढतो.

तक्रार नेहमी लेखी करावी. ग्राहक क्रमांक, दोन्ही वाचनं, बादल्यांचा हिशोब आणि मागची बिलं जोडून अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. नेहमीइतकी रक्कम ‘हरकत राखून’ भरा, म्हणजे पैसे बुडवता, असं कुणी म्हणणार नाही. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येतं. नोंदी दाखवत नसतील, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती द्यावी लागते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. नदी शेजारी असली, तरी पाणी उपसायला वीज लागते, ते शुद्ध करायला औषधं लागतात आणि माणसांचा पगार निघावा लागतो. खरं बिल सगळ्यांनी भरलं, तरच योजना चालते. पण चुकीचं बिल मुकाट्यानं भरण्यानं कुणाचंच भलं होत नाही. आज तुमच्या मीटरची चूक उघडकीला आली, तर उद्या शेजारच्या म्हाताऱ्या आजींना तोच आकडा बघून रात्र जागून काढावी लागणार नाही. तेव्हा आजपासून एक वही करा. महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा तिच्यात लिहा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि वाद झालाच, तर ती वही तुमच्या बाजूनं बोलेल.