आता तू विचार!

अभ्यासाचे दोन प्रकार मी लहानपणापासून पाहत आलो. एक, भिंतीकडे तोंड करून घोकायचं. दुसरा, समोर कुणाला तरी बसवून विचारून घ्यायचं. मदरशात कुराण पाठ करणारी मुलं जोडीजोडीनं बसतात. एक म्हणतो, दुसरा ऐकतो आणि जरा चूक झाली की तिथेच अडवतो. त्याला ‘दौर’ म्हणतात. पाढे म्हणून घेणाऱ्या आज्याही हेच करायच्या. या दुसऱ्या प्रकारात ऐकणाऱ्यालाही झोप लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा!

आमच्या यवतमाळात उन्हाळी परीक्षा तोंडावर आल्या की हा दौर वाचनालयाच्या ओट्यावर भरतो. मी तिथे पेपर वाचायला जातो, त्यामुळे कान आपोआप तिकडे लागतात. एका वर्षी बी.ए.ला इतिहास घेतलेली पाच-सहा मुलंमुली अमेरिकेच्या इतिहासाची तयारी करीत होती. दोघं शहरातली, बाकीची कळंब, नेर, बाभुळगावहून एस.टी.च्या पासवर येणारी. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, चुकला त्यानं चहा पाजायचा.

‘‘बोस्टन टी पार्टी?’’ ‘‘16 डिसेंबर 1773.’’ ‘‘स्वातंत्र्याचा जाहीरनामा?’’ ‘‘4 जुलै 1776.’’ ‘‘यादवी युद्ध?’’ ‘‘1861 ते 65.’’ ‘‘आता तू विचार!’’

गाइडमधले प्रश्न आणि गाइडमधलीच उत्तरं. वाईट नाही. सन-सनावळ्या पाठ हव्यातच, त्यांच्याशिवाय इतिहास म्हणजे नुसती गोष्ट. पण तासभर ऐकल्यावर मला वाटू लागलं की ही मुलं कुठल्या तरी चंद्रावरच्या देशाबद्दल बोलताहेत. खरं तर बोस्टनच्या बंदरात जो चहा बुडवला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. म्हणजे आपल्या उरावर बसलेल्या त्याच कंपनीचा.

मग एका मुलानं गाइड मिटलं आणि विचारलं, ‘‘अमेरिकेत हरला अन् हिंदुस्थानात जिंकला, असा साहेब कोण?’’ सगळे गप्प. उत्तर होतं कॉर्नवॉलिस. 1781 च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउनला त्याच्या फौजेनं वॉशिंग्टनपुढे हत्यारं ठेवली, आणि 1786 मध्ये हेच गृहस्थ गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला उतरले. टिपू सुलतानाची दोन मुलं ओलीस घेणारे तेच आणि बंगालात कायमधारा लावणारेही तेच. 1805 मध्ये ते गाझीपूरला वारले, कबरही तिथेच आहे. त्या दिवशी चहा पाच जणांनी मिळून पाजला.

तिथून खेळाचा रंग पालटला. ‘‘जिन कुणी शोधला?’’ असा प्रश्न आला, तेव्हा मला हसू आवरेना. आमच्या घरी जिन म्हटलं की पिंपळावरचा आठवतो. पण कापसाच्या मुलखातल्या पोरांना जिन सांगावा लागत नाही. सरकी वेगळी, रुई वेगळी करणारं यंत्र. एली व्हिटनीनं 1793 मध्ये ते बनवलं. यंत्र आलं म्हणजे माणसाचे कष्ट कमी होतील, असं वाटतं ना? झालं उलटंच. सरकी झटपट निघू लागली, म्हणून कापसाखालची जमीन वाढली आणि वेचायला गुलाम आणखी लागले. 1790 च्या सुमारास अमेरिकेत सात लाखांच्या आसपास गुलाम होते, 1860 मध्ये ते चाळीस लाखांच्या घरात गेले.

याच कापसानं आपल्याला त्या युद्धात ओढलं. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जाई. 1861 मध्ये लिंकननं दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. साहेबांची नजर वळली ती हिंदुस्थानकडे, त्यात 1853 मध्ये निजामाकडून हाती आलेल्या वऱ्हाडाकडे. कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचं वेड लागलं. 1865 मध्ये तिकडे युद्ध संपलं आणि इकडे भाव कोसळला. बडनेरा-धामणगाववरून आगगाडी नागपूरला पोचली ती 1867 मध्ये. तोवर तेजी ओसरली होती, कापूस मात्र शेतात कायमचा राहिला. भाव दूरच्या देशात ठरतो आणि मार इथे बसतो, हा धडा आपण तेव्हाच गिरवला.

त्या घोळक्यात एक मुलगी होती, बाभुळगावकडची. फारशी बोलत नसे. बाप सालदार, हे तिच्याच बोलण्यातून पुढे कळलं. तिची पाळी आली तेव्हा तिनं विचारलं, ‘‘गुलाम मोकळे झाले. मंग त्यायले जमीन कोनं देल्ली?’’

गाइड चाळलं गेलं. त्यात 1 जानेवारी 1863 चा मुक्तीचा जाहीरनामा होता, तेरावी घटनादुरुस्ती होती, जमीन कुठेच नव्हती. ‘‘हा प्रश्न पेपरात नाही येत ना वं,’’ एक जण म्हणाला. ‘‘नको येऊ. तू सांग,’’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आतल्या कपाटातलं जाडं पुस्तक निघालं. जमीन दिली होती! जानेवारी 1865 मध्ये जनरल शर्मननं हुकूम काढला, की समुद्रकाठच्या पट्ट्यात प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत जमीन द्यावी. सुमारे चाळीस हजार माणसं तिथे वसलीही. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला, त्यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू जॉन्सननं वर्ष संपायच्या आत त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. मोकळी झालेली माणसं त्याच मालकांकडे बटईनं राहिली. बियाणं उधार, धान्य उधार, दुकानदाराची वही येणाऱ्या पिकावर, आणि पीक कापसाचंच घ्यायचं ही अट. हिशेब झाला की हाती काही उरत नसे.

हे वाचून होईपर्यंत कुणी मध्ये बोललं नाही. कृषी केंद्राची उधारी काय असते, हे त्या ओट्यावर कुणाला समजावून सांगायचं?

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या भल्या लोकांना. तो एका ओळीचा प्रश्न आमच्या परीक्षांत वर्षानुवर्षं येतो, मुलं एका ओळीत उत्तर लिहितात. जोतीरावांनी तिकडचा इतिहास वाचून इकडच्या शूद्रातिशूद्रांचं काय, असं विचारलं होतं. सालदाराच्या लेकीनं तेच केलं, आणि तेही कुणी न शिकवता.

पेपरात काय आलं, मला ठाऊक नाही. पुस्तक मिटल्यावर मात्र तिनं शेजारच्या मुलाला कोपरानं ढोसलं. ‘‘आता तू विचार,’’ म्हणाली. तो बराच वेळ विचार करीत बसला. मग म्हणाला, ‘‘हे मालक जमीन परत घ्यायले आले, तवा तिथल्या लोकायनं काय केलं?’’ सगळे पुन्हा कपाटाकडे गेले.