सागरी अरण्ये आणि आपले दफ्तर



सागरी जीवसृष्टीच्या अभ्यासकांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून, जो विषय गेली कित्येक वर्षे माझ्या चिंतनात आहे तोच आज आपल्यापुढे ठेवण्याची अनुज्ञा मागतो. केल्प नावाचे प्रचंड तपकिरी शैवाल आपल्या उष्ण किनाऱ्यावर उगवत नाही. त्याला थंड आणि पोषकद्रव्यांनी संपन्न असे पाणी लागते. परंतु त्याच्या अरण्यांची जी कहाणी उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर गेल्या दशकात घडली, ती समुद्राच्या रक्षणाची जबाबदारी शिरावर घेणाऱ्या प्रत्येकाने मुळापासून वाचावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या किनाऱ्यावरील केल्पच्या नेरिओसिस्टिस या जातीचे आयुष्य साधारणतः एकाच वर्षाचे असते. हिवाळी तुफानांनी जुनी रोपे खडकांवरून उपटून नेली, की मागे उरलेल्या आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म पिढीतून वसंतात नवा अंकुर निघतो. मुळासारख्या पंजाने खडक घट्ट धरून, दोरासारखा देठ वर वर चढवीत, उन्हाळा सरण्यापूर्वीच तो पृष्ठभाग गाठतो. देठाच्या टोकाशी वायूने भरलेला एक गोल फुगा असतो, ज्यातील वायूत कार्बन मोनॉक्साइडचाही अंश आढळतो, आणि त्या फुग्याच्या आधाराने लांब पट्ट्यांसारखी पाती लाटांवर पसरतात. त्या छायेत मत्स्यांची पिले वाढतात आणि तळाशी ॲबलोन हा शंखवर्गीय प्राणी गळून पडलेल्या पात्यांवर जगतो.

2013 साली पॅसिफिकच्या पूर्व किनाऱ्यावर तारामाशांमध्ये अंग झडून जाणाऱ्या एका रोगाची साथ पसरली. कधी कधी वीसहून अधिक भुजा असणारा सूर्यफुली तारामासा तीत जवळजवळ नामशेष झाला. त्यापाठोपाठ 2014 ते 2016 या काळात समुद्राचे पाणी विलक्षण तापले आणि केल्पची वाढ खुंटली. जांभळ्या सी-अर्चिनांना खाणारा तो तारामासाच गेल्यामुळे हे काटेरी प्राणी कपारींतून बाहेर पडले व उरलेसुरले शैवाल त्यांनी खरवडून संपविले. सुमारे 350 किलोमीटर किनाऱ्यावरील केल्पच्या छत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा झाला. ॲबलोन उपाशी मरू लागले आणि 2018 साली त्यांची शिकार बंद करावी लागली. आज तेथील एखादा अर्चिन फोडून पाहिला, तर ज्यासाठी त्याला बाजारात किंमत येते तो पिवळा गाभा आत जवळजवळ सापडतच नाही. आणि तरीही तो प्राणी मरत नाही, वर्षानुवर्षे उपाशी राहून खडक अडवून बसतो.

परंतु या अनर्थाचे मूळ 2013 च्याही फार मागे आहे. 1742 मध्ये दर्यावर्दी बेरिंगच्या सफरीतून वाचलेल्या खलाशांनी समुद्री पाणमांजराची कातडी कामचट्काला आणली, आणि तेथून जो व्यापार सुरू झाला त्यात हा प्राणी मुलूखच्या मुलूख रिकामे होईपर्यंत मारला गेला. पाणमांजर रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश अन्न खाते, आणि अर्चिन हे त्याचे आवडते भक्ष्य. 1911 साली रशिया, जपान, ब्रिटन आणि अमेरिका यांच्या तहनाम्याने त्याला अभय मिळाले. तो तह कातड्यांच्या धनासाठी झाला होता, केल्पचा विचारही त्यात नव्हता. ॲल्यूशन बेटांपैकी पाणमांजरे असलेल्या आणि नसलेल्या बेटांच्या तळाची तुलना करून एस्टिस व पाल्मिसानो या संशोधकांनी 1974 साली दाखविले, की जिथे हा प्राणी आहे तिथे अरण्य आहे आणि जिथे नाही तिथे अर्चिनांनी भरलेला उघडा खडक. मध्य कॅलिफोर्नियात पाणमांजरे परतली. उत्तरेस परतली नाहीत. तेथील अरण्याचा पहारा एकट्या तारामाशावर राहिला, आणि तो पहारेकरी गेला त्या दिवशी दोन शतकांपूर्वीच्या लुटीची किंमत वसूल झाली.

कातड्यांचा हिशेब व्यापाऱ्यांनी चोख ठेवला. अरण्याचा हिशेब ठेवण्याचे कोणालाच सुचले नाही. उलट, या वेळचे नुकसान मोजता आले, कारण 1984 पासूनच्या लँडसॅट उपग्रहाच्या छायाचित्रांत पृष्ठभागावरील केल्प दरसाल नोंदले गेले होते, आणि पाणबुडे नेमलेल्या जागी खाली उतरून प्राणी मोजत आले होते. त्याच किनाऱ्यावरील मेंडोसिनोच्या नॉयो उपसागरात पुढे व्यावसायिक पाणबुड्यांकडून अर्चिन काढविले गेले, तेव्हा काम साधले की नाही याचा निवाडाही अशाच नोंदींवर झाला. कायदा आणि निधी यांची आवश्यकता मी नाकारीत नाही; पण पूर्वस्थितीचे दफ्तर नसेल, तर कायदा कशाचे रक्षण करतो आहे हेच सांगता येत नाही.

हाच प्रश्न आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झाले. तेथील खडकांवर पावसाळा ओसरल्यानंतर सरगॅसम हे केल्पचेच दूरचे तपकिरी भाईबंद वाढते, आणि त्याच्या आसऱ्याने बारीकसारीक जीव राहतात. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील प्रत्येक महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांना माझी विनंती आहे, की त्यांनी एकेक खडक निवडावा, त्याची हद्द निश्चित करावी, आणि दर अमावास्येच्या ओहोटीला तेथे जे दिसेल ते तारखेसह एकाच वहीत लिहावे. गावच्या मच्छिमारांची साक्षही त्याच वहीत उतरवावी, आणि शिक्षकाची बदली झाली तर वही पुढच्याच्या हाती देण्याचा बंदोबस्त करावा. या परिषदेने आजच्या बैठकीत तसा ठराव करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.